हिब्रू धर्मग्रंथ आणि जर्मन चिकित्सा

धर्मग्रंथाची चिकित्सा असे म्हणताच आपल्यापुढे मुक्तीची वाट उभी राहते. जो ग्रंथ अपौरुषेय म्हणून सांगितला गेला तो माणसांनी, विशिष्ट काळात आणि विशिष्ट हेतूंनी रचला, हे दाखविणे म्हणजे त्या ग्रंथाच्या धाकातून माणसास सोडविणे होय. हे खरेच आहे. परंतु चिकित्सा करणारा कोण, तो कोणत्या संस्थेत बसून चिकित्सा करतो, आणि तो ग्रंथ ज्यांचा आहे ते लोक त्या वेळी त्या संस्थेच्या आत असतात की दाराबाहेर, हेही प्रश्न विचारावे लागतात. जर्मनीत हिब्रू धर्मग्रंथाचा जो अभ्यास अडीचशे वर्षे झाला, त्याच्या इतिहासात हे प्रश्न फार तीव्रतेने उभे राहिले. म्हणून त्या इतिहासाचा परिचय येथे करून देत आहे.

प्रथम ग्रंथाविषयी थोडे. ज्यू लोक आपल्या धर्मग्रंथास 'तनाख' म्हणतात. तिपिटकाप्रमाणे त्याचेही तीन विभाग आहेत: तोरा म्हणजे मोशेच्या नावाने ओळखले जाणारे पाच ग्रंथ, नेवीईम म्हणजे संदेष्ट्यांचे ग्रंथ, आणि केतुवीम म्हणजे इतर लेखन. परंपरेने एकूण ग्रंथ २४ मोजले जातात. आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाजाचाही धर्मग्रंथ हाच. ख्रिस्ती धर्माने हा संग्रह स्वीकारला, त्याची मांडणी बदलली आणि त्यास 'जुना करार' असे नाव दिले. 'जुना' या विशेषणात एक निर्णय आधीच दिलेला आहे. नवा करार आला आणि पहिला कालबाह्य झाला, हा तो निर्णय. पुढील सारी कथा या एका विशेषणाभोवती फिरते असे म्हटले तरी चालेल.

जर्मन भूमीत हिब्रूच्या अभ्यासाचा पाया योहानेस रॉइखलिन याने घातला. त्याचा हिब्रू व्याकरण व कोशाचा ग्रंथ १५०६ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत ज्यूंचे ग्रंथ जप्त करून जाळावेत अशी मोहीम निघाली. १५१० साली सम्राटाने मत विचारले तेव्हा रॉइखलिनने या मोहिमेच्या विरुद्ध अभिप्राय दिला आणि त्यापायी पुढे अनेक वर्षे खटले सोसले. मार्टिन ल्यूथर याने मूळ हिब्रूवरून जुन्या कराराचा जर्मन अनुवाद केला आणि १५३४ साली त्याचे संपूर्ण बायबल बाहेर पडले. त्याच ल्यूथरने १५४३ साली ज्यूंची सभास्थाने व घरे जाळावीत असे सांगणारी पुस्तिका लिहिली. हिब्रू भाषेविषयी आदर आणि हिब्रू लोकांविषयी द्वेष एकाच लेखणीतून उतरू शकतो, हे त्याच वेळी दिसून आले होते.

खऱ्या अर्थाने चिकित्सा सुरू झाली ती अठराव्या शतकात. हिल्डेसहाइमचा पाद्री विटर याने १७११ साली आणि फ्रान्समधील वैद्य झाँ आस्त्रुक याने १७५३ साली एक साधी गोष्ट ध्यानात आणून दिली: 'उत्पत्ति' या पहिल्या ग्रंथात देवास काही ठिकाणी 'एलोहीम' तर काही ठिकाणी 'याहवे' असे म्हटले आहे, आणि नाव बदलते तशी कथाही दुहेरी होते. योहान आइखहॉर्न याने १७८० ते १७८३ या काळातील आपल्या ग्रंथात हा विचार जर्मन विद्यापीठांत रुजविला. एक उदाहरण पाहिले म्हणजे पद्धत ध्यानी येईल. नोहाच्या जलप्रलयाच्या कथेत एके ठिकाणी प्रत्येक जातीच्या प्राण्यांची एकेक जोडी तारवात घ्यावी अशी आज्ञा आहे. दुसऱ्या ठिकाणी शुद्ध प्राण्यांच्या सात-सात जोड्या घेण्यास सांगितले आहे. एके ठिकाणी पाऊस चाळीस दिवस पडतो. दुसऱ्या ठिकाणी पाणी दीडशे दिवस चढलेले राहते. हे धागे उकलून वेगळे ठेवले तर जवळजवळ सलग अशा दोन स्वतंत्र कथा हाती येतात. कोण्या संकलकाने दोन्ही कथांस पवित्र मानून, एकीचाही त्याग न करता, त्या एकत्र गुंफल्या असल्या पाहिजेत. बुद्धवचनांच्या संकलनात एकच प्रसंग दोन सुत्तांत किंचित निराळ्या तपशिलांनी येतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांस ही गोष्ट फार परकी वाटणार नाही.

१८०५ साली येना येथे विल्हेल्म द वेटे या पंचवीस वर्षांच्या तरुणाने एक छोटासा प्रबंध सादर केला. तोरातील पाचवा ग्रंथ 'अनुवाद' हा उरलेल्या चार ग्रंथांहून वेगळ्या हाताचा आहे, असे त्याने दाखविले. पुढील दोन वर्षांतील ग्रंथात त्याने हा विचार इतिहासाशी जोडला. राजांच्या इतिहासात अशी नोंद आहे की, योशीया राजाच्या काळी, म्हणजे इ. स. पू. ६२२ च्या सुमारास, यरुशलेमच्या मंदिरात नियमशास्त्राचा एक ग्रंथ 'सापडला' आणि राजाने त्यानुसार गावोगावची उपासनास्थाने मोडून सारी उपासना यरुशलेमात आणली. ही सुधारणा 'अनुवाद' ग्रंथाच्या आज्ञांशी तंतोतंत जुळते. तेव्हा तो ग्रंथ मोशेचा नसून त्या राजाच्या काळाच्या आसपासचा होय. एका ग्रंथाचा काळ अशा रीतीने बाहेरच्या घटनेच्या आधारे ठरविता आला, आणि मग बाकीच्या थरांचा काळ त्याच्या तुलनेने मोजता येऊ लागला. इतिहासलेखनाच्या दृष्टीने हा शोध फार मोलाचा आहे. (या द वेटेस बर्लिन विद्यापीठाने १८१९ साली काढून टाकले. कारण ग्रंथचिकित्सेचे नव्हते. एका राजकीय हत्येतील तरुण आरोपीच्या आईस त्याने सांत्वनाचे पत्र लिहिले होते.)

याच पायावर युलिउस वेलहाउझेन याने आपली इमारत उभी केली. १८७८ साली त्याचा इस्राएलच्या इतिहासाचा ग्रंथ निघाला आणि १८८३ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून 'प्रोलेगोमेना' या नावाने तो जगभर ओळखला गेला. तोरा चार उगमग्रंथांतून घडली, हा सिद्धांत त्याच्या आधीही मांडला जात होता. 'जे', 'ई', 'डी' आणि 'पी' या अक्षरांनी हे उगमग्रंथ ओळखले जातात. यज्ञविधी, पुरोहितांचे अधिकार, शुद्धाशुद्धतेचे नियम ज्यात आहेत तो पुरोहित-ग्रंथ म्हणजे 'पी'. परंपरेनुसार हे नियम सर्वांत जुने, खुद्द मोशेस सीनाय पर्वतावर मिळालेले. वेलहाउझेनने काही पूर्वसूरींच्या विचारांचा धागा उचलून नेमके उलटे सिद्ध करण्याचा प्रयत्न केला: हा थर सर्वांत शेवटचा, बाबेलच्या बंदिवासानंतरचा. त्याचा युक्तिवाद पाहण्याजोगा आहे. 'निर्गम' ग्रंथातील एक जुना नियम कोठेही वेदी बांधण्यास मुभा देतो. 'अनुवाद' ग्रंथ एकाच स्थळाचा आग्रह धरून इतर स्थळांशी भांडतो. आणि पुरोहित-ग्रंथ तर एकच स्थळ असते हे गृहीतच धरून चालतो, त्यास भांडण्याची गरजच उरलेली नाही. म्हणजे मुभा, मग संघर्ष, मग गृहीतक असा क्रम लागतो. संदेष्टे आधी आले, नियमशास्त्र नंतर. पुरोहितांनी आपली व्यवस्था मागे ढकलून मोशेच्या मुखी घातली. पुरोहितवर्ग आपल्या हिताचे नियम प्राचीन ऋषींच्या नावावर कसे चढवितो, हे ज्या समाजाने सोसले आहे त्यास या युक्तिवादाचे बळ वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

वेलहाउझेनच्या प्रामाणिकपणाबद्दलही शंका घेण्याचे कारण नाही. तो ग्राइफ्सवाल्ड येथे धर्मशास्त्राचा प्राध्यापक होता. आपल्या अध्यापनाने विद्यार्थी चर्चच्या सेवेसाठी तयार होत नाहीत, उलट त्या कामास अपात्र होतात, असे वाटून त्याने १८८२ साली ते अध्यासन आपण होऊन सोडले आणि पुढे हाले, मारबुर्ग व गोटिंगेन येथे भाषा आणि इतिहास शिकविला. अशी उदाहरणे विद्येच्या इतिहासात विरळा आढळतात.

असे असूनही त्याच्या ग्रंथात काही तरी सलते. नियमशास्त्र शेवटी आले, हा इतिहासाचा निष्कर्ष झाला. परंतु त्यास जोडून वेलहाउझेन मूल्यनिर्णयही देतो: आरंभीचा इस्राएलचा धर्म निसर्गाशी, शेतीच्या सणांशी, जीवनाशी जोडलेला व ताजा होता, संदेष्ट्यांत तो शिखरास पोहोचला, आणि नियमशास्त्र आल्यावर त्याचा प्राण गेला, उरले ते कर्मकांडाचे कवच. त्या कवचासच तो 'यहुदी धर्म' म्हणतो. मग त्या शिखराचा खरा वारसदार कोण? अर्थात ख्रिस्ती धर्म. म्हणजे ज्या चर्चचे दार त्याने स्वतःहून सोडले, त्या चर्चचा जुना निर्णय त्याने नव्या भाषेत, इतिहासाच्या नावाने, कायम ठेवला. ख्रिस्ताच्या आधीच्या काही शतकांच्या यहुदी धर्मास जर्मन विद्वान 'उत्तरकालीन यहुदी धर्म' म्हणू लागले. ज्या धर्माचे तालमूद हे महान साहित्य अजून आकारास यायचे होते, त्यास हे नाव देणे म्हणजे जिवंत माणसाची उत्तरक्रिया करण्यासारखेच होते.

या निर्णयास कोणी उत्तर का दिले नाही? उत्तर देणारे होते. त्यांस जागा नव्हती. जर्मन विद्यापीठांत जुन्या कराराची अध्यासने प्रॉटेस्टंट किंवा कॅथलिक धर्मशास्त्र विद्याशाखेत असतात, आणि तेथील अध्यापक त्या त्या संप्रदायाचाच असावा लागतो. ज्यू विद्वानाने कितीही हिब्रू जाणले तरी आपल्याच धर्मग्रंथाचे अध्यासन त्यास मिळणे नियमानेच अशक्य होते. लेओपोल्ड त्सुंझ याने १८१८ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ज्यू साहित्याच्या शास्त्रीय अभ्यासाचा आराखडा मांडला आणि त्यातून ज्यू विद्याभ्यासाची एक संपूर्ण परंपरा जन्मास आली. आब्राहाम गायगर १८३० च्या दशकापासून ज्यू धर्मशास्त्राच्या विद्याशाखेची मागणी करीत होता. १८४८ साली त्सुंझने बर्लिन विद्यापीठात अध्यासन मागितले. ते नाकारण्यात आले. तेव्हा ज्यूंनी स्वतःच्या संस्था काढल्या: ब्रेस्लाव येथील विद्यालय १८५४ साली, बर्लिनचे उच्च विद्यालय १८७२ साली. गायगरने १८५७ साली हिब्रू संहितेच्या पाठभेदांवर जो ग्रंथ लिहिला तो कोणत्याही विद्यापीठास भूषणावह ठरला असता. तथापि विद्यापीठांच्या तळटीपांत अशा ग्रंथांस क्वचितच जागा मिळे.

ही दोन जगे किती जवळ आणि किती दूर होती हे गोटिंगेन या लहानशा गावात पाहावे. वेलहाउझेन तेथे १८९२ साली प्राध्यापक म्हणून आला. त्या वेळी त्या गावच्या ज्यू समाजाचे रब्बी बेनो याकोब होते. ते १९०६ पर्यंत तेथे राहिले. दोघेही एकाच ग्रंथाचे जन्मभराचे अभ्यासक. याकोब हे परंपरेचे आंधळे भक्त नव्हते. तोरा शब्दशः मोशेस सांगितली गेली असे ते मानीत नसत. मात्र चार उगमग्रंथांत तिची चिरफाड करणारी पद्धत त्यांस मान्य नव्हती. पुनरुक्तीचे व नाव बदलण्याचे कारण कथेच्या रचनेतच शोधले पाहिजे, असा त्यांचा आग्रह. 'उत्पत्ति' ग्रंथावरील त्यांचे हजाराहून अधिक पृष्ठांचे भाष्य १९३४ साली बर्लिनमध्ये छापले गेले, तेव्हा ते वाचण्याच्या मनःस्थितीत जर्मन विद्यापीठे उरली नव्हती. याकोबांचे म्हणणे सर्वस्वी बरोबर होते असे मला वाटत नाही. जलप्रलयाच्या कथेतील दोन धागे त्यांच्या भाष्यानेही नाहीसे होत नाहीत. पण तो वाद समोरासमोर व्हावयास हवा होता. (जाता जाता सांगावयाचे तर, पालि विनयपिटकाचा संपादक हेर्मान ओल्डेनबर्ग हाही १९०८ पासून याच गोटिंगेन विद्यापीठात होता. पिटकांतील थर वेगळे करण्याची त्याची दृष्टी ज्या विद्वत्परंपरेत घडली, तीच वेलहाउझेनचीही होती.)

१९०३ साली न्यूयॉर्क येथे सॉलोमन शेख्टर यांनी या विषयावर एक भाषण केले. रुमानियात जन्मलेल्या आणि व्हिएन्ना व बर्लिन येथे शिकलेल्या या विद्वानाने कैरोच्या जुन्या सभास्थानातील हजारो हस्तलिखिते उजेडात आणली होती. चिकित्सेची भीती वाटावी असा हा मनुष्य नव्हे. त्यांनी जर्मन 'उच्च चिकित्से'स 'उच्च ज्यूद्वेष' म्हटले. लाठीने मारणारा द्वेष निराळा आणि एखाद्या समाजाच्या अस्तित्वाचे कारणच काढून घेणारा विद्वानांचा द्वेष निराळा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. हे वेलहाउझेनवर अन्याय करणारे होते काय? काही अंशी होते. वंशवादी चळवळीशी त्याचे नाते नव्हते आणि तो १९१८ सालीच वारला. परंतु पुढे जे घडले ते पाहता शेख्टर यांचे कान अधिक तिखट होते असेच म्हणावे लागते.

ते पुढचे पाऊल त्याआधीच पडू लागले होते. १३ जानेवारी १९०२ रोजी बर्लिनमध्ये सम्राट दुसरा विल्हेल्म याच्या उपस्थितीत असुरविद्येचा प्राध्यापक फ्रीडरिश डेलिच याने 'बाबेल आणि बायबल' हे व्याख्यान दिले. मेसोपोटेमियातील मृत्तिकापटांवर जलप्रलयाची कथा हिब्रू कथेच्या कितीतरी आधीची आहे, हे तेव्हा सिद्ध झालेलेच होते. डेलिचने त्यावरून बाबेलचे श्रेष्ठत्व आणि इस्राएलचे उसनेपण सांगण्यास आरंभ केला. १९२० मध्ये त्याने 'महान फसवणूक' या अर्थाच्या नावाचा ग्रंथ काढून जुना करार ख्रिस्ती धर्मग्रंथ म्हणून टाकून द्यावा असे लिहिले. त्याचा पिता फ्रान्स डेलिच हा हिब्रूचा थोर पंडित आणि ज्यूंवरील खोट्या आरोपांविरुद्ध लेखणी चालविणारा. एका पिढीत एवढे अंतर पडले. १९२१ साली आडोल्फ फोन हार्नाक या सर्वमान्य इतिहासकारानेही, द्वेषाने नव्हे तर शांत पांडित्याच्या सुरात, प्रॉटेस्टंट चर्चने जुना करार प्रमाणग्रंथ म्हणून ठेवणे ही आता दुर्बलता होय असे मत दिले. याच काळात हेर्मान गुंकेल हा मात्र निराळ्या वाटेने चालला होता. लिखित उगमांच्या मागे जाऊन लोककथा, विलापगीते, स्तोत्रे यांचे रूप आणि ती कोणत्या प्रसंगी म्हटली जात हे तो शोधीत होता. त्याचे काम आजही टिकून आहे.

ज्यू बाजूने दिलेले सर्वांत सुंदर उत्तर वादाचे नसून अनुवादाचे होते. १९२५ साली मार्टिन बुबेर आणि फ्रान्स रोझेन्त्स्वाइग यांनी तनाखाचा नवा जर्मन अनुवाद हाती घेतला. हिब्रूचा श्वास, शब्दांची पुनरुक्ती, वाक्याची लय जर्मनमध्ये ऐकू यावी, आणि जेथे एकच हिब्रू शब्द पुन्हा येतो तेथे जर्मन शब्दही तोच यावा, हा त्यांचा नियम. रोझेन्त्स्वाइग त्या वेळी पक्षाघातासारख्या असाध्य विकाराने पूर्ण जखडलेले होते. बोलणे बंद झाले होते. पत्नीच्या साहाय्याने अक्षर-अक्षर दाखवून ते आपले म्हणणे कळवीत. १९२९ साली ते वारले. बुबेर यांनी उरलेले काम १९६१ मध्ये यरुशलेम येथे पुरे केले. त्या वेळी त्यांच्या घरी जमलेल्या मित्रांपुढे गेर्शोम शोलेम यांनी जो प्रश्न विचारला त्यास उत्तर नव्हते: ज्या जर्मन ज्यूंसाठी हे भाषांतर आरंभिले ते आता आहेत कोठे?

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी ट्यूबिंगेनचा प्राध्यापक गेरहार्ड किटेल याने 'ज्यू प्रश्न' या विषयावर पुस्तिका लिहून ज्यूंस जर्मनीत केवळ पाहुण्यांचा दर्जा असावा असे सुचविले आणि तिची प्रत बुबेर यांस पाठविली. बुबेर यांनी त्यास जाहीर पत्राने उत्तर दिले. हा किटेल प्राचीन ज्यू साहित्याचा जाणकार म्हणून प्रसिद्ध होता, हे विसरता येत नाही. १३ नोव्हेंबर १९३३ रोजी बर्लिनच्या क्रीडाभवनात सुमारे वीस हजार श्रोत्यांपुढे 'जर्मन ख्रिस्ती' चळवळीच्या एका नेत्याने जुना करार चर्चमधून हद्दपार करण्याची मागणी केली. म्युनिकच्या कार्डिनल फाउलहाबर यांनी त्याच वर्षाच्या नाताळपूर्व प्रवचनांत जुन्या कराराची बाजू घेतली. पण त्यांनी भेद केला तो असा: ख्रिस्तापूर्वीचा इस्राएल पूज्य, ख्रिस्तानंतरचे ज्यू निराळे. ग्रंथ वाचविला, ग्रंथाचे लोक सोडून दिले. विरोधकांच्या शूर भाषणांतही वेलहाउझेनची ती जुनी भेग कशी शिल्लक होती, हे येथे दिसते.

६ मे १९३९ रोजी आयझेनाख येथे एक संस्था उघडली. जर्मन धार्मिक जीवनावरील ज्यू प्रभावाचे संशोधन आणि निर्मूलन, हे तिचे अधिकृत नाव व कार्य. येनाचा प्राध्यापक वाल्टर ग्रुंडमान हा तिचा शास्त्रीय संचालक. या संस्थेने १९४० साली हिब्रू धर्मग्रंथाचे संदर्भ गाळलेला नवा करार छापला, 'हालेलूया'सारखे हिब्रू शब्द काढून टाकलेली गीतसंहिता काढली, आणि येशू ज्यू नव्हताच असे 'शास्त्रीय' रीतीने मांडले. ज्या काळात ज्यूंस मृत्युछावण्यांत पाठविले जात होते त्या काळात हे विद्वान परिषदा भरवून शोधनिबंध वाचीत होते. त्यांच्यापाशी व्याकरण होते, कोश होते, पाठभेदांची ओळख होती; पद्धतीची कमतरता नव्हती. युद्धानंतर ग्रुंडमान पूर्व जर्मनीत चर्चच्या सेवेत राहिला आणि त्याची शुभवर्तमानांवरील भाष्ये अनेक वर्षे वापरात होती. या संस्थेचा सविस्तर इतिहास सुझाना हेशेल यांनी २००८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यांचे वडील आब्राहाम जोशुआ हेशेल यांनी बर्लिन विद्यापीठात हिब्रू संदेष्ट्यांवरच प्रबंध लिहिला होता. तो १९३६ साली, तोही पोलंडमध्ये, छापला गेला. १९३८ मध्ये जर्मन पोलिसांनी त्यांस फ्रँकफुर्टहून पोलंडच्या सीमेवर नेऊन सोडले. पुढे १९६५ साली सेल्मा येथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मोर्च्यात पहिल्या रांगेत चालणारे हेशेल ते हेच.

विरोध करणारेही होते. त्याच येना विद्यापीठात गेरहार्ड फोन राड मोजक्या विद्यार्थ्यांना जुना करार शिकवीत राहिले. परंतु मला अधिक स्मरणीय वाटतात ते बॉनचे पाउल काले. ज्या बॉन विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२१ साली नाव नोंदविले होते, तेथेच काले १९२३ पासून प्राच्यविद्येचे प्राध्यापक होते. हिब्रू लिपी मुळात व्यंजनांचीच. उच्चाराच्या खुणा, विरामचिन्हे आणि समासातील सूक्ष्म नोंदी मसोरा-पंडितांनी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. एखादा शब्द साऱ्या ग्रंथात किती वेळा येतो हेही त्यांनी मोजून ठेवले. आपल्याकडील भाणकांची आठवण व्हावी अशीच ही निष्ठा. काले यांनी या पंडितांच्या परंपरेचा शोध घेता घेता लेनिनग्राड येथील एका हस्तलिखिताचे महत्त्व ओळखले. १००८-०९ सालच्या सुमारास कैरोत लिहिलेले हे हस्तलिखित संपूर्ण तनाखाची सर्वांत जुनी उपलब्ध प्रत आहे. रुडोल्फ किटेल, म्हणजे गेरहार्डचा पिता, याने १९०६ साली सुरू केलेल्या हिब्रू बायबलाच्या चिकित्सक आवृत्तीस पूर्वी सोळाव्या शतकातील व्हेनिसची छापील प्रत आधार होती. १९३७ च्या तिसऱ्या आवृत्तीत काले यांच्यामुळे तिच्या जागी हे हस्तलिखित आले. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात देशभर ज्यूंची दुकाने व सभास्थाने फोडली गेली. काले यांची पत्नी व मुलगा एका ज्यू स्त्रीचे उद्ध्वस्त दुकान आवरण्यास मदत करताना दिसले. वृत्तपत्रांतून त्यांची निंदा झाली, मुलास विद्यापीठातून काढले, काले यांचे अध्यापन थांबले, आणि १९३९ साली हे कुटुंब इंग्लंडला निघून गेले. बेनो याकोब यांनीही त्याच वर्षी इंग्लंड गाठले. बर्लिनचे ज्यू उच्च विद्यालय १९४२ मध्ये बंद पाडण्यात आले. तेथे अखेरपर्यंत शिकविणारे रब्बी लेओ बेक यांस १९४३ च्या जानेवारीत थेरेझियनश्टाट छावणीत नेण्यात आले. ते वाचले.

युद्धानंतर जर्मन विद्वानांनी काम पुन्हा सुरू केले ते जणू काही घडलेच नाही अशा थाटात. मार्टिन नोथ, फोन राड यांचे ग्रंथ जगभर गाजले, आणि ते त्या योग्यतेचेही होते. पण 'उत्तरकालीन यहुदी धर्म' हा शब्द कितीतरी पाठ्यपुस्तकांतून तसाच चालू राहिला. बदल आला तो पुढच्या पिढीत. फोन राड यांचे शिष्य रोल्फ रेन्टॉर्फ यांनी १९७७ च्या ग्रंथात चार उगमग्रंथांच्या सिद्धांतालाच आतून आव्हान दिले: आरंभकथा, कुलपित्यांच्या कथा, निर्गमनाची कथा हे मोठे खंड स्वतंत्रपणे वाढले आणि फार उशिरा एकत्र जोडले गेले. हायडेलबर्ग येथे १९७९ मध्ये ज्यू विद्याभ्यासाचे उच्च विद्यालय निघाले त्यातही त्यांचा हात होता. ख्रिस्ती अभ्यासकाने 'हिब्रू बायबल' हे नाव वापरावे आणि ज्यू भाष्यकारांबरोबर बसून ते वाचावे, हा त्यांचा आग्रह. म्युन्स्टरचे कॅथलिक विद्वान एरिश त्सेंगर यांनी १९९१ साली 'जुना करार' ऐवजी 'पहिला करार' असे म्हणावे असे सुचविले. २००२ साली तर जर्मन अभ्यासकांचा एक लेखसंग्रह 'याहवे-लेखकाचा निरोप' अशा अर्थाच्या शीर्षकाने निघाला. 'जे' या उगमग्रंथाचे अस्तित्वच त्यात नाकारले आहे. पुरोहित-ग्रंथ आणि 'अनुवाद' यांचे वेगळेपण मात्र आजही बहुतेकांस मान्य आहे. वेलहाउझेनचे निरीक्षण बरेचसे टिकले; त्याचा निवाडा टिकला नाही.

गायगर व त्सुंझ यांची मागणी पुरी होण्यास पावणेदोनशे वर्षे लागली. २०१३ साली पोट्सडाम विद्यापीठात ज्यू धर्मशास्त्राचा स्वतंत्र विभाग उघडला. त्याच वर्षी बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातील धर्मशास्त्राचे प्राध्यापक नोटगेर स्लेंच्का यांनी, हार्नाकचा आधार घेऊन, जुना करार ख्रिस्ती चर्चचा प्रमाणग्रंथ नसावा असे पुन्हा मांडले. त्यांच्या युक्तिवादाचा एक भाग असा होता की हा ग्रंथ ज्यूंचा आहे, तो आपण आपला म्हणू नये. ऐकावयास हे सौजन्याचे वाटते. २०१५ मध्ये त्यावर मोठे वादळ उठले; त्यांच्याच विद्याशाखेतील सहकाऱ्यांनी जाहीर निवेदन काढून विरोध केला, कारण १९३३ सालचे क्रीडाभवन कोणीही विसरलेले नव्हते.

त्याच २०१५ साली श्टुटगार्ट येथे, किटेलने सुरू केलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या पाचव्या पर्वातील 'उत्पत्ति' हा भाग प्रसिद्ध झाला. आधार अद्याप काले यांनी पुढे आणलेल्या त्याच हस्तलिखिताचा आहे, जे कैरोत शमुएल बेन याकोब नावाच्या लेखकाने आपल्या हाताने लिहिले. या भागाचे संपादन तेल अवीव विद्यापीठाच्या आब्राहाम ताल यांनी केले.